वीस डॉलरचे शून्य डॉलर

तुमच्या मंडळाच्या वेबसाइटवर दिवाळी अंकासाठी लेख पाठवायचं पान असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही कार्यकारिणीत असा, नुसते वर्गणीदार असा, किंवा दर जानेवारीत "तू आयटीत आहेस ना, मग एवढं बघ" असं म्हणून ज्याच्या गळ्यात वेबसाइट पडते तो बापडा असा. या शेवटच्या माणसाशी मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण बरीच वर्षं तो मीच होतो.

आधी घडलं ते सांगतो. आमचं मंडळ अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतलं, फार मोठं नाही. दिवाळी अंकाला साठेक लेख येतात. वर्डची फाइल चढवली की वेबसर्व्हर पडद्याआड लिबरऑफिसला हाक मारतो, लिबरऑफिस पीडीएफ करतं आणि लेखकाला आपला लेख छापल्यासारखा लगेच दिसतो. लोकांना हे फार आवडायचं. दोन वर्षांपूर्वी एका काकूंचा फोन आला, की लेख तीनदा चढवला पण पीडीएफ काही दिसत नाही. लेख होता अमेरिकेत आल्यावर त्यांनी बेबीसिटिंग करून मिळवलेल्या पहिल्या कमाईबद्दल. फाइलचं नाव होतं "माझे पहिले", पुढे डॉलरचं चिन्ह, आणि त्याला चिकटून इंग्रजी आकड्यांत वीस. सर्व्हरच्या नोंदी उघडून बघितल्या, तर तिथे लिहिलेलं: "माझे पहिले ०" नावाची फाइल सापडली नाही.

हे कसं झालं, ते ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांनाही कळण्याजोगं आहे. शेल म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम देण्याची जागा. तिला एक ओळ दिली की ती आधी त्यातली खास चिन्हं ओळखते आणि मग हुकूम पाळते. डॉलरचं चिन्ह दिसलं की ती समजते, पुढे व्हेरिएबल आहे, त्याची किंमत इथे घालायची. डॉलर-दोन म्हणजे "मला दिलेला दुसरा शब्द". तो कुणी दिलेलाच नव्हता, म्हणून त्या जागी काहीच आलं नाही, आणि मागे उरलं ते शून्य. काकूंच्या वीस डॉलरची वाट लागली ती अशी.

काकूंना म्हटलं, नाव बदलून पाठवा. त्यांनी पाठवला आणि झालाही. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला. फाइलचं नाव शेल वाचत होती. डॉलर वाचते म्हणजे बाकीची चिन्हंही वाचते. त्यातल्या एकाचा अर्थ "हा हुकूम संपला, आता पुढचा ऐक" असा असतो, आणि दुसऱ्याचा "आधी हे करून ये आणि उत्तर इथे घाल" असा. म्हणजे फाइलला नाव देता देता जगातला कुणीही आमच्या सर्व्हरला कामाला लावू शकत होता. लेख पाठवायला लॉगिनसुद्धा लागत नव्हतं. ज्येष्ठांना पासवर्ड आठवत नाहीत म्हणून ते काढायचं आम्हीच बैठकीत एकमताने ठरवलं होतं.

आता यात दोष कुणाचा ते ऐका, कारण तुमच्याकडेही गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच घडलेली असणार.

पीएचपीत एस्केपशेलआर्ग नावाचं एक फंक्शन आहे. ते नावाभोवती एकेरी अवतरणं घालून नाव बंदिस्त करतं, म्हणजे आतलं काही हुकूम म्हणून वाचलं जात नाही. मूळ स्क्रिप्ट मी २०१३ साली लिहिली तेव्हा ते घातलेलं होतं. माझ्यानंतर वेबसाइट ज्या मुलाकडे गेली त्याने ते काढलं, आणि काढलं ते मराठीच्या प्रेमापोटी. झालं असं, की हे फंक्शन सर्व्हरच्या भाषेची सेटिंग बघतं आणि त्या सेटिंगमध्ये न बसणारी अक्षरं गुपचूप गाळून टाकतं. डेबियन आणि उबुंटूवर अपाचे सुरू होतो तो "सी" नावाच्या सेटिंगमध्ये, आणि त्यात इंग्रजीपलीकडचं एकही अक्षर बसत नाही. मग "आजीची भाकरी" या नावातून आजीही जाते आणि भाकरीही, मधली मोकळी जागा तेवढी राहते. इंग्रजीत नाव दिलेले लेख सुरळीत जायचे आणि देवनागरीत नाव दिलेले अडायचे. मराठी मंडळाच्या वेबसाइटवर! त्या मुलाला ते खुपलं, खुपायलाच हवं होतं. नेटवर शोधल्यावर त्याला उत्तर मिळालं, की ते फंक्शन काढा आणि साधी दुहेरी अवतरणं घाला. त्याने तसं केलं आणि देवनागरी चालू झाली. दुहेरी अवतरणांच्या आतलं डॉलरचं चिन्ह शेल वाचतेच, हे त्याला कुणी सांगितलं नाही. खरा उपाय भाषेची सेटिंग यूटीएफ-८ करायची, एवढ्या एका ओळीचा होता.

हे त्याचं पाप म्हणून सांगत नाही. माझं त्याहून मोठं आहे. स्क्रिप्ट मी टर्मिनलवर चालवली की छान चालायची, ब्राउझरमधून चालवली की काहीच व्हायचं नाही, चुकीचा निरोपसुद्धा यायचा नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आता मान हलवली असेल. कारण साधं आहे. टर्मिनलवर तुम्ही तुम्ही असता. ब्राउझरमधून आलं की हुकूम देतो तो वेबसर्व्हरचा वापरकर्ता, डेबियनवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. त्याला घर असतं पण त्या घरात लिहायची परवानगी नसते, आणि लिबरऑफिसला तर सुरू होतानाच आपलं प्रोफाइल कुठेतरी लिहायचं असतं. प्रोफाइल कुठे लिहायचं ते सांगणारा एक पर्याय लिबरऑफिसमध्ये आहे. मला तो माहीत नव्हता. तीन रात्री गेल्या, अंक तोंडावर आला, आणि चौथ्या रात्री मी वेबसर्व्हरला पासवर्डशिवाय सुडो देऊन टाकलं. म्हणजे त्या यंत्रावर मालकाइतका अधिकार. तोही सगळ्याच हुकमांसाठी, कारण एका स्क्रिप्टपुरता देणारी ओळ लिहायचा कंटाळा आला. चाललं. झोपलो.

त्याचं गेलेलं कुलूप आणि माझं सुडो एकत्र करून बघा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, पण आमच्याकडे चोर कोण हे बघायला दारात माणूसही नव्हता. आणि जामदारखान्यात होतं काय? सभासदांची नावं, पत्ते, फोन. मराठी शाळेच्या अर्जातल्या मुलांच्या जन्मतारखा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ती माहिती, शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव. वर्गणी घेणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली. सगळं एकाच यंत्रावर, कारण दुसऱ्या यंत्राला महिन्याला आणखी थोडे डॉलर पडले असते आणि ते बैठकीत मागायचा मला संकोच वाटला.

"पण आपल्यावर कोण कशाला हल्ला करेल?" हे मी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत ऐकलंय, आणि तुम्हीही आत्ता मनात म्हणालात. तुमचं मंडळ कुणाला ठाऊक नाही हे खरंच आहे, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही. हे लोक तुमचं नाव वाचून येत नाहीत. त्यांचे प्रोग्रॅम इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत जातात, फाइल चढवायची जागा दिसली की ठरलेल्या चार युक्त्या करून बघतात. यश आलं तर तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम जातं, किंवा तो कुणासाठी तरी नाणी खणत बसतो. यादी सापडली तर ती वर विकायला मिळते. दिवाळी अंक कुणाचा आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

आता माझं म्हणणं स्पष्टच मांडतो. ज्या प्रोग्रॅमला रस्त्यावरचा कुणीही हाक मारू शकतो, त्याने परक्याची फाइल हातात घेऊन सिस्टिमचे हुकूम चालवू नयेत. नाव स्वच्छ करूनही नाही. तपासूनही नाही. अजिबात नाही.

यावर जाणकार म्हणतील, की एस्केप नीट करा म्हणजे झालं, एवढा आकांत कशाला? त्यांनी थोडं मागे जावं. १९९६ साली पीएचएफ नावाची फोनबुक शोधणारी एक नमुना स्क्रिप्ट वेबसर्व्हरांबरोबर येत असे. धोक्याची चिन्हं निष्प्रभ करणारं फंक्शन तिच्यातही होतं, चिन्हांची यादीही होती. त्या यादीत "नवी ओळ" हे एक चिन्ह राहून गेलं, आणि त्या फटीतून लोकांनी कुठकुठल्या सर्व्हरच्या पासवर्डच्या फाइली वाचल्या. तुमची यादी त्यांच्याहून चांगली असेलही. पण ती पुरी आहे की नाही, हे तुम्हाला कळणार कसं?

बरं, समजा नाव अगदी बिनचूक बंदिस्त केलंत. पुढे ती फाइल जाते कुणाकडे? मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधला दोष बाहेर आला, लोकांनी त्याला इमेजट्रॅजिक असं नाव ठेवलं. इमेजमॅजिक म्हणजे फोटो लहान-मोठे करणारं, निम्म्या वेबसाइटी ज्याच्यावर चालतात ते अवजार. फाइलच्या नावाचा शेवट जेपीजी असला तरी ते आतला मजकूर बघून फाइलचा प्रकार ठरवतं. आत चित्राचं वर्णन करणारा मजकूर असेल आणि त्यात एखादा वेबपत्ता असेल, तर तो आणायला ते स्वतःच शेलला हाक मारायचं, आणि पत्त्यात दडवलेला हुकूम चालून जायचा. तुम्ही कुलूप लावलं दाराला, शेल बसलेली अवजाराच्या आत. त्याच वर्षी पुढे फेसबुकमध्येही हा दोष सापडला, तेव्हा तो दाखवणाऱ्याला त्यांनी ४०,००० डॉलर दिले. त्यांच्याकडे पगारी सुरक्षा विभाग आहे. तुमच्याकडे कोण आहे?

२०२१ साली एक्झिफटूलचा नंबर लागला. फोटोतली तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती वाचणारं हे साधंसुधं अवजार. डीजेव्हीयू प्रकारच्या फाइलमधला एक मजकूर ते पर्लचा कोड समजून चालवत होतं. गिटलॅब चढवलेले फोटो याच अवजाराकडे देत असे, म्हणून लॉगिन न करताही गिटलॅबच्या सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते. या दोषाची तीव्रता शेवटी दहापैकी दहा ठरली. आणि घोस्टस्क्रिप्ट? त्याचं तर कामच पोस्टस्क्रिप्ट वाचायचं, आणि पोस्टस्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तिची फाइल "बघायची" म्हणजेच ती चालवायची. फाइलींना हात लावू न देणारी सुरक्षित पद्धत त्यात आपोआप चालू झाली ती ९.५० या आवृत्तीत, २०१९ साली. तोवर ती आठवणीने मागावी लागायची.

इथे मला सगळ्यात जास्त चीड येते ती गोष्ट सांगतो. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमध्ये असेच दोष सापडल्यावर उबुंटूवाल्यांनी इमेजमॅजिकच्या धोरणाच्या फाइलमध्ये पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्टला बंदी घातली. हजारो वेबसाइटी अडल्या, "सुरक्षा धोरणानुसार परवानगी नाही" असा निरोप यायला लागला. हा निरोप शोधून बघा. तुम्हाला सापडणारं लाडकं उत्तर आहे, ती ओळ बदला, परवानगी द्या, पुढे चला. कुणीतरी विचार करून लावलेली कडी, आणि आपण सगळे ती काढायची कृती एकमेकांना वाटतोय. खाली आभार, "माझंही चाललं!" फोल्डरला ७७७ द्या हा त्याचाच थोरला भाऊ. सुडो देऊन टाका, हा माझा. यातला प्रत्येक सल्ला "चालत का नाही?" या प्रश्नाचं उत्तर आहे. ते चालू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम ठेवलं असेल, हा विचार करायला अंकाच्या आदल्या रात्री वेळ कुणाला असतो?

मग लेख घ्यायचेच नाहीत का? घ्या की. पण वेबसर्व्हरला टपालपेटी होऊ द्या, कारकून नको. फाइल आली की त्याने तिला स्वतःचा एक आकडा द्यावा, त्या आकड्याने एका फोल्डरमध्ये टाकावी आणि लेखकाला "लेख मिळाला, थोड्या वेळाने पीडीएफ दिसेल" असं सांगावं. काकूंनी दिलेलं नाव डेटाबेसमध्ये राहील, पानावर दिसेल, आजी-भाकरीसकट, देवनागरीत, डॉलरसकट. कुठल्याही हुकमात मात्र ते कधीच जाणार नाही. दर मिनिटाला दुसराच एक वापरकर्ता उठेल, ज्याला ना डेटाबेस दिसतो, ना सभासदांची यादी, ना बाहेरचं इंटरनेट. तो पेटीतली एक फाइल घेईल, शेलला मध्ये न घेता अवजाराला थेट हाक मारेल, दोन मिनिटांत झालं नाही तर सोडून देईल आणि पीडीएफ दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवेल. शक्य असेल तर हे सगळं दुसऱ्या यंत्रावर. अवजारात उद्या नवा दोष निघेलच. तो चोर मग अशा खोलीत शिरेल जिथे एक अर्धवट लेख आणि चार भिंती आहेत. पीएचपी ७.४ पासून हुकूम एका ओळीऐवजी सुट्ट्या शब्दांच्या यादीने देता येतो, पायथनमध्ये तर ते कधीपासूनच आहे, तेव्हा शेलला टाळणं अवघड नाही. लिबरऑफिस एकाच प्रोफाइलवर दोनदा एकदम चालत नाही, म्हणून शेवटच्या रात्री दहा जणांनी एकदम लेख चढवले की आमच्याकडे नऊ जणांचे फोन यायचे. रांग लावल्यावर तेही आपोआप थांबतं.

आणि खरं सांगू का, साठ लेखांना हे तरी कशाला हवं? एका शनिवारी दुपारी चहा घेत संपादकाने आपल्या लॅपटॉपवर एकेक फाइल उघडावी आणि पीडीएफ करून ठेवावी. तेवढ्यात तो लेख वाचूनही होईल, ज्याची आपल्या अंकांना गरज आहे. २०१३ साली गोष्ट वेगळी होती. तेव्हा निम्मे लेख शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांतून यायचे, आणि त्यांना युनिकोडमध्ये आणायला प्रोग्रॅमच लागायचा. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती उचलून मागे न्यावी लागते. आता सगळे फोनवर युनिकोडमध्येच लिहितात. तरी आम्ही ते यंत्र जपलं, कारण ते आमच्याकडे आहे याचं आम्हाला कौतुक होतं. मला होतं.

तुमच्यातल्या बिगर-आयटी सभासदांनो, तुमच्यासाठी एकच काम. पुढच्या वार्षिक सभेत जेवणाआधी उभे राहा आणि विचारा, की आपण चढवलेल्या फाइलींवर सर्व्हर काही हुकूम चालवतो का, चालवत असेल तर कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने, आणि आमच्या मुलांच्या जन्मतारखा त्याच यंत्रावर आहेत का. उत्तर समजलं नाही तरी चालेल. उत्तर देणारा किती वेळ गप्प बसतो, ते बघा. वेबसाइट फुकट सांभाळणाऱ्यावर रागावू मात्र नका, त्याला सर्व्हरचे वरचे पैसे मंजूर करून द्या. ढोलताशाच्या भाड्यावर आपण अर्धा तास वाद घालतो आणि नंतर पैसे देतोच.

आमच्याकडे पुढे काय झालं? त्या रात्रीच मी ते पान बंद केलं, सुडो काढलं, किल्ल्या आणि पासवर्ड बदलले. कुणी आत येऊन गेलं का, ते बघायला नोंदी उघडल्या तर त्या फक्त दोन आठवड्यांच्या. त्याआधीच्या सर्व्हरने आपोआप पुसलेल्या, आणि दार तर कित्येक वर्षं उघडं होतं. दोन आठवड्यांत काही संशयास्पद दिसलं नाही. त्याआधीचं मला सांगता येत नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. मी कार्यकारिणीला लिहिलं, की सभासदांना हे कळवायला हवं, निदान शाळेच्या पालकांना तरी. उत्तर आलं, "काही झाल्याचा पुरावा नाही ना? मग उगाच लोकांना घाबरवू नका. शिवाय तुमचंच नाव पुढे येईल." शेवटचं वाक्य लिहिणारा माणूस भला आहे, त्याने ते माझ्या काळजीनेच लिहिलं.

नाव पुढे आलं तर येऊ द्या. स्क्रिप्ट माझी होती. ज्या आईने शाळेच्या अर्जात मुलाची ॲलर्जी लिहिली, तिने ती मंडळावर विश्वास ठेवून लिहिली, आणि ती कागदावरून कुठे जाऊन बसली हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला कळवायचं की नाही हे कार्यकारिणीने परस्पर ठरवणं मला मान्य नाही, म्हणून हे इथे लिहितोय. लेखाची प्रत मी अध्यक्षांना आधीच पाठवली आहे. रविवारी बैठक आहे. विषयपत्रिकेत वेबसाइट सातव्या क्रमांकावर, संक्रांतीच्या जेवणाच्या मेनूनंतर.